सहा मिनिटं दहा सेकंद

बँकेच्या पत्रात तीन ठिकाणी 'खेद' लिहिला होता आणि शेवटी 'आपला विश्वासू'. खेद कसला डोंबलाचा. वर्कशॉपच्या दारात उभ्या उभ्या मी ते वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आमची तक्रार त्यांनी फेटाळली होती. कारण म्हणे, कर्जाबरोबरचा विमा ग्राहकाला 'सर्व अटी दूरध्वनीवरून समजावून, त्यांच्या स्पष्ट संमतीने' दिला होता. ग्राहक म्हणजे आमचे हे. सोबत त्या फोनवरच्या बोलण्याचा उतारा जोडला होता, तारीख, वेळ, सगळं टापटीप.

आमच्या ह्यांना फोनवरून अटी समजावल्या. मला हसू आलं आणि त्याच श्वासात रडूही आलं. कारण आमच्या ह्यांना ऐकू येत नाही. अकरा वर्षं झाली.

हे पत्र्याचे मिस्त्री. पाण्याच्या टाक्या, मोठ्या इमारतींत हवा खेळवायला छतातून नेतात त्या चौकोनी नळ्या, चिमण्या, पन्हळी, पत्र्याचं जे म्हणाल ते करतात. वयाच्या चौदाव्या वर्षापासून हातोडा हातात. पत्र्यावर दिवसभर हातोडा पडत असेल तर कान किती दिवस टिकणार? आधी उजवा गेला, मग डावा. पण बाहेर कोणाला ताकास तूर लागू दिली नाही. वर्कशॉपमध्ये तसं लपवणं सोपं असतं. तिथे ऐकू येणारी माणसंसुद्धा हातवाऱ्यांनीच बोलतात. दोन बोटं उभी म्हणजे दोन सूत जाडी, मूठ वळली की थांब, मापं सगळी खडूने पत्र्यावर. आमच्या दोन्ही कारागिरांना वाटतं, मिस्त्री कमी बोलतात म्हणून बरे आहेत.

समोर बसून कोणी बोललं तर हे ओठांवरून ओळखतात, आणि इतकं सफाईने की मी बायको असून कधी कधी विसरते. मागून कोणी बोललं की मी हळूच कोपराला बोट लावते. मग हे वळतात. असा आमचा संसार.

राहता राहिला फोन. तो बहुतेक मीच उचलते, टाक्या रंगवता रंगवता. पण मी जवळ नसले तर काय, म्हणून मीच ह्यांना शिकवून ठेवलं होतं: "खिशात थरथरला की उचला, थोडं थांबा, हो हो म्हणा, आणि ठेवून द्या. नंबर राहतो. मी नंतर करते फोन." गिऱ्हाईकं आमची जुनी. हो म्हटलं की माप घेऊन येतातच, आणि मग समोरासमोर काय ते ठरतं. इतक्या वर्षांत एकदाही घोटाळा झाला नव्हता. मला तर वाटायचं, केवढी हुशार मी.

मग पत्रा वाकवायच्या मशीनसाठी कर्ज काढलं. शाखेत सह्या करायला मी सोबत गेले होते. टेबलामागचा माणूस खाली मान घालून "इथे सही, इथे सही" म्हणत होता आणि मी दर वेळी कोपराला बोट लावत होते. आमच्या लेकीचे दिवस भरले होते. निघताना मीच त्याला म्हणाले, "मी उद्यापासून नऊ-दहा दिवस बाहेरगावी आहे, लेकीकडे. काही कागद लागले तर मी आल्यावर सांगा." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

परत आले तेव्हा ह्यांच्या फोनवर चौदा नंबर होते. तेरा लागले. चौदावा लागेना, 'या क्रमांकावर येणारे कॉल घेतले जात नाहीत' म्हणायचा. सोडून दिला. त्यानंतर हप्ता ठरल्यापेक्षा जास्त जायला लागला. शाखेत विचारलं तर व्याज वाढलंय म्हणाले. वाढलं असेल, म्हटलं. व्याज काही आपल्याला विचारून वाढत नाही.

दोन वर्षांनी ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्याच मशीनमध्ये सापडली. चार महिने हात गळ्यात. मी बँकेत मुदत मागायला गेले तर तोच टेबलामागचा माणूस म्हणतो, "काळजी कशाला करता? तुमचा विमा आहे की. आजारपणात हप्ते विमाकंपनी भरते." विमा? कुठला विमा? त्याने कागद दाखवला. वाढीव हप्त्याचा उलगडा तिथे झाला, पण मी मूर्ख, मला त्या वेळी आनंदच झाला. न मागता का होईना, छत्री तर आहे. धावतपळत कागद भरले, डॉक्टरांचे दाखले लावले. उत्तर आलं: हा विमा फक्त पगारदारांसाठी आहे, स्वतःचा धंदा असलेल्यांना लागू नाही.

म्हणजे पैसे आमच्याकडून घ्यायचे, आणि विमा लागू दुसऱ्यांना. मी भर शाखेत टेबलावर हात आपटून विचारलं, "आम्हाला लागूच नव्हता तर आमच्या गळ्यात मारलात कशाला?" तो म्हणाला, आवाज चढवू नका, लेखी तक्रार द्या. दिली. तिचं उत्तर म्हणजे हे तीन खेदांचं पत्र. आणि त्याच आठवड्यात दुसरं: हप्ते थकले आहेत, तीस दिवसांत भरा, नाहीतर मशीन उचलून नेऊ. चोर तो चोर, वर शिरजोर.

बँकेच्या वर एक कार्यालय असतं, तिथे बँकेविरुद्ध दाद मागता येते, हे लेकीने शोधून काढलं. सुनावणीची तारीख मिळाली, मशीन उचलायच्या चार दिवस आधीची. मला वाटलं, सुंठेवाचून खोकला गेला. एकच ओळ लिहायची: ज्याने फोनवर संमती दिली म्हणता, त्याला ऐकूच येत नाही. कानाच्या डॉक्टरांचा दाखला जोडायचा. संपलं.

ह्यांना दाखवली ती ओळ. ह्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, त्या ओळीच्या जागी नीट घडी घातली, आणि तेवढी पट्टी फाडून टाकली.

"हे लिहायचं नाही."

"अहो, पण खरं आहे ते."

"खरं आहे म्हणून चारचौघांत सांगत फिरू? साइटवर वरून काही पडलं तर खालच्याला ओरडून सांगतात. बहिऱ्याला साइटवर पाऊल ठेवू देत नाहीत. बिल्डरचं काम गेलं तर निम्मा धंदा गेला."

"आणि मशीन गेलं तर सगळाच जाईल."

त्यावर ह्यांनी डोळे मिटून घेतले. हे ह्यांचं हत्यार. बाकीच्या बायकांचे नवरे भांडणात उठून जातात, आमचे हे डोळे मिटतात. की मी मुकी झालेच. मग मी पण इरेला पेटले. खडू घेतला आणि आठ फुटी कोऱ्या पत्र्यावर हातभर अक्षरांत लिहिलं: त्यांनी तुम्हाला फसवलं, तुम्ही का लाजता? कारागीर जेवायला गेले होते म्हणून बरं. ह्यांनी डोळे उघडले, वाचलं, आणि शर्टाच्या बाहीने सगळं पुसलं. पुसताना पट्टी बांधलेला हात दुखला असणार, तोंडावरून कळलं.

"फसवलं म्हणून पैसे परत हवेत मला," हे म्हणाले. "बहिरा म्हणून मेहरबानी नको. तुला शपथ आहे, तिथे बोलायचं नाहीस."

मी तोंडाला कुलूप लावलं. काय करणार? राग बँकेचा होता, तो ह्यांच्यावर किती काढायचा. आणि खरं सांगायचं तर त्यातला अर्धा माझा माझ्यावरच होता. 'हो हो' मी शिकवलेलं.

सुनावणीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक लांब टेबल, सहा खुर्च्या, भिंतीवर घड्याळ, कोपऱ्यात फायलींचं कपाट. ऐकून घेणाऱ्या मॅडम माझ्याच वयाच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बँकेकडून टाय लावलेला एक तरुण माणूस आला होता, लॅपटॉप घेऊन. त्याने आम्हाला वाकून नमस्कार केला. असले लोक मला उगाच गोड बोलणाऱ्या दुकानदारासारखे वाटतात, आधी वजनकाटा बघावा. मी ह्यांना मॅडमच्या बरोब्बर समोर बसवलं आणि स्वतः डाव्या कोपरापाशी बसले.

मॅडम म्हणाल्या, "बोला."

मी बोलले. कर्जाच्या अर्जावरच 'व्यवसाय: स्वतःचा' असं बँकेच्याच माणसाने लिहिलंय, हे दाखवलं. धंदेवाल्याला न चालणारा विमा धंदेवाल्यालाच कसा विकला, हे विचारलं. विकला तर विकला, हप्ता का वाढला विचारल्यावर व्याजाचं नाव पुढे का केलं, हेही विचारलं. माझा आवाज चढला होता. मॅडमनी चढू दिला.

टायवाला थंडपणे म्हणाला, "मॅडम, फोनवर आमच्या प्रतिनिधीने ग्राहकांना स्पष्ट विचारलं होतं, आपण पगारदार आहात का. ते हो म्हणाले. चुकीची माहिती ग्राहकांनी दिली, त्याला बँक काय करणार? कॉलची नोंद आहे. ऐकवतो."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे आता खोटारडे आम्ही. ह्यांनी त्याचे ओठ वाचले असणार, कारण ह्यांच्या गालाचा स्नायू हलला.

त्याने बटण दाबलं. एका पोराचा भरधाव आवाज सुरू झाला, जणू मागे कुत्रं लागलंय. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले, ह्यांच्याकडे बघवेना म्हणून. अकरा वाजून वीस मिनिटं, सेकंदकाटा बारावर.

"…तर सर, आपण पगारदार आहात, बरोबर?"

"हो हो."

"हा विमा घेणं बंधनकारक नाही, आपण स्वखुशीने घेताय, बरोबर?"

"हो."

"सर्व अटी मी आपल्याला समजावून सांगितल्या, बरोबर?"

"हो हो."

"विम्याची एकरकमी रक्कम आपल्या कर्जात मिळवू ना, सर?"

"हो. बरं. हो."

हा आवाज मला माहीत होता. हे फोनवर असेच बोलतात, थोडं वरच्या पट्टीत, अदबीने. ज्याचं तोंड दिसत नाही अशा माणसाचा अपमान होऊ नये म्हणून सांभाळून. त्या आवाजातला प्रत्येक 'हो' मी पढवलेला होता, आणि तो पोरगा एकेक करून वेचून खिशात घालत होता. मी पदराचं टोक मुठीत इतकं आवळलं की नखं हाताला लागली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. एक वाक्य बोलले असते तर तो लॅपटॉप तिथल्या तिथे बंद झाला असता, आणि तेच एक वाक्य बोलायचं नव्हतं.

टायवाल्याने बटण दाबलं. आवाज थांबला.

"आवाज यांचाच ना?" मॅडमनी मला विचारलं.

"त्यांचाच."

मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि लिहायला घेतलं. त्या लिहिण्याच्या वेगावरूनच मला कळलं, गेलं मशीन. आवाज थांबला तेव्हाचे घड्याळाचे काटे माझ्या डोळ्यांसमोरच होते. अकरा पंचवीस आणि वर पंचवीस सेकंद. मग समोरच्या उताऱ्याकडे बघितलं. पत्र आल्यापासून तो कागद मी इतक्यांदा वाचला होता की पाठ झाला होता. पहिल्याच ओळीत होतं: कॉलचा कालावधी सहा मिनिटं दहा सेकंद.

"मॅडम, ते संपलेलं नाही," मी म्हणाले. "यांच्याच कागदावर सहा मिनिटं दहा सेकंद आहेत. यांनी वाजवले पाच मिनिटं पंचवीस."

टायवाला हसला. "पुढे काही नाही. धन्यवाद वगैरे असतं, ताई."

"मग धन्यवाद ऐकू द्या. पैसे आमचेच गेलेत त्यात."

"उताऱ्यात नाही म्हणजे महत्त्वाचं नाही, मॅडम."

"वाजवा," मॅडम म्हणाल्या.

पुढे काय आहे ते मला माहीत नव्हतं, देवाशपथ. त्यालाही माहीत नसावं. माहीत असतं तर त्याने ती फाईल आणलीच नसती. मला फक्त वाटत होतं, शेवटी हे एखाद वेळी म्हणाले असतील, बायको आली की बोला. तेवढा एक धागा मिळाला तरी पुरे.

त्याने बटण दाबलं. ह्यांचा आवाज आला, "बरं, ठेवतो हं." मग काही क्षण नुसती खरखर. हे फोन ठेवतात म्हणजे न बघता खिशात टाकतात. तिकडेही कोणी बंद केला नव्हता. मग तोच पोरगा बोलला, पण आता फोनमध्ये नाही, बाजूला कोणाशी तरी, आणि अजिबात घाई नसलेल्या आवाजात.

"झालं एक. तो पत्र्याचा मिस्त्री रे. ठार बहिरा आहे. शाखेतल्याने सांगितलंच होतं, बायको बाहेरगावी आहे तोवर लाव. काय पण विचारा, हो हो."

दुसरा कोणी तरी हसला. "मग अजून एक घालायचा की त्याच्या गळ्यात."

"पुढच्या महिन्याला ठेवलाय."

मग खट्ट वाजलं आणि बंद.

मॅडमचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. टायवाला लॅपटॉपकडे असा बघत होता, जणू त्यातून काही तरी चावायला बाहेर आलंय. आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. शाखेतल्या त्या टेबलापाशी मी कोपराला बोट लावत होते, त्याने बघितलं होतं. दहा दिवस नाहीये, हे मीच त्याला सांगितलं होतं. आम्ही अकरा वर्षं मूठ झाकून बसलो आणि त्याने ती दोन मिनिटांत उघडून विकली. तो फोनवरचा पोरगा समोर असता तर मी काय केलं असतं ते मला सांगता येणार नाही.

हे प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. एकाकडून दुसऱ्याकडे. ओठ कोणाचेच हलत नव्हते, वाचणार काय.

मग माझ्याकडे वळले. "काय म्हणाला तो?"

आता हे सांगायला हवं. अकरा वर्षं मी जगाचं बोलणं ह्यांना निवडून, पाखडून देत आले. गिऱ्हाईकाने शिवी घातली तर 'जरा घाईत आहेत' म्हणायचं. कोणी नावं ठेवली तर 'काही नाही हो, हवापाण्याचं.' आत्ताही तोंडावर तेच आलं होतं. काही नाही, धन्यवाद म्हणाला. ह्यांनी मानलंही असतं, किंवा मानल्यासारखं केलं असतं.

मी खुर्ची वळवली. ह्यांच्या अगदी समोर तोंड आणलं, उजेड माझ्या तोंडावर पडेल असं. आणि सगळं सांगितलं. ठार बहिरा. बायको बाहेरगावी. काय पण विचारा. पुढच्या महिन्याला ठेवलाय. एकही शब्द गाळला नाही, आणि हसण्याचंही सांगितलं.

ह्यांनी डोळे मिटले नाहीत. मला भीती त्याचीच होती. शेवटपर्यंत माझ्या ओठांकडे बघत राहिले, आणि मग बोटं तुटता तुटता वाचलेला तो हात टेबलावर ठेवून मॅडमकडे वळले.

"बरोबर बोलला तो," हे म्हणाले. आवाज वरच्या पट्टीतला नव्हता, वर्कशॉपमधला होता. "मला ऐकू येत नाही. अकरा वर्षं झाली. लिहून घ्या."

मॅडमनी मान वर ठेवून, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटत होती. आता नाही वाटत. आता राग आलाय."

मॅडमनी लिहून घेतलं. पुढचं सगळं तीन आठवड्यांनी कागदावर आलं, विम्याचे सगळे पैसे व्याजासकट परत, मशीनची नोटीस रद्द, शाखेची चौकशी. बिल्डरकडे हे स्वतः जाऊन सांगून आले, आणि साइटवरचं काम गेलं, जाणारच होतं. नळ्या आता आम्ही वर्कशॉपमध्ये करून देतो आणि बसवायला दुसरा जातो. मिळकत कमी झाली आहे. मी ते विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

पण त्या दिवशी त्या खोलीत अजून एक गोष्ट झाली. आम्ही उठलो तसा टायवालाही उठला. त्याचे कान लाल झाले होते. लॅपटॉप पिशवीत कोंबत, चेन ओढत, खाली बघून तो काही तरी पुटपुटला. मला ऐकू आलं. माफ करा, सर, असं काहीसं. मी सवयीने बोट ह्यांच्या कोपराकडे नेलं, पण हे आधीच त्याच्याकडे वळले होते.

"मान वर करून बोला," हे म्हणाले. "मला दिसत नाहीये."